पहिली ड्रिफ्ट आरसी गाडी: चारही चाकं फिरणारी की फक्त मागची दोन?

नवा_चालक

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. ड्रिफ्ट करणारी, म्हणजे वळणावर आडवी घसरत जाणारी, आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घ्यायची आहे आणि वाचून वाचून डोकं गरगरलंय.

आधी माझी पूर्वपीठिका. घरात १/१० आकाराची, रबरी टायरची एक टूरिंग गाडी पडून आहे. कुणाचं तरी बघून तिच्या टायरांवर वायरिंगची काळी टेप गुंडाळली आणि खाली पार्किंगमध्ये घेऊन गेलो. पहिली दोन मिनिटं स्वर्ग! मग एका चाकाची टेप सुटली, ॲक्सलभोवती गुंडाळली गेली आणि पुढचा तास ती चिमट्याने ओढण्यात गेला. पण त्या दोन मिनिटांत नाद लागला तो लागलाच.

जागा म्हणाल तर पार्किंगचं गुळगुळीत काँक्रीट आहे, दुपारी रिकामं असतं. घरात टाइल्स. आता प्रश्न असा, की चारही चाकं फिरणारी गाडी घ्यावी की फक्त मागची फिरणारी? तयार घ्यावी की सुटे भाग आणून जोडावी? गायरो (गाडी घसरली की पुढची चाकं आपोआप वळवणारी डबी) म्हणजे फसवणूक आहे असं एक जण म्हणाला, ते खरं का? बजेट मध्यम आहे. एकदा घेतल्यावर सहा महिन्यांत दुसरी घ्यायला लागू नये एवढंच.

फुरसतराव

खुर्ची टाकून बसलोय. हाच प्रश्न मलाही होता, विचारायची लाज वाटत होती.

पाना_दहाचा

धाग्याबद्दल आभार, पण प्रश्न उलट्या टोकाने विचारलात. गाडी शेवटी ठरवा, आधी जमीन ठरवा. मग टायर, मग गाडी. बहुतेक लोक बॉडीच्या प्रेमात पडून सुरुवात करतात आणि मग "गाडी घसरतच नाही" किंवा "गाडी नुसती गिरक्या घेते" म्हणून कपाळाला हात लावून बसतात.

ड्रिफ्ट आरसीचे टायर रबराचे नसतात. कडक प्लास्टिकची कडी असते ती, रिमवर ठोकून बसवलेली. वेगवेगळ्या कडकपणाची मिळतात आणि एकाच गाडीचा स्वभाव टायर बदलला की पूर्ण बदलतो. पॉलिश केलेल्या काँक्रीटवर छान चालणारा टायर ऑफिसातल्या पातळ गालिच्यावर वेगळाच वागतो. खडबडीत डांबरावर तर प्लास्टिक किसणीवर धरल्यासारखं झिजतं. ड्रिफ्टच्या ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी "सगळ्यांनी हाच टायर वापरायचा" असा नियम असतो तो यामुळेच. सगळ्यांची पकड सारखी असली तरच दोन गाड्या एकमेकींच्या दाराला दार लावून जाऊ शकतात.

तुमचं गुळगुळीत काँक्रीट म्हणजे लॉटरी आहे. पण झाडू मारा. धुळीत पुढच्या चाकांची पकड आधी जाते, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ खांबाकडे निघते. टाइल्सवर १/१० ची गाडी चालेल, पण फटींवर टकटक करत जाते आणि दोन टाइल्सच्या उंचीत जरा फरक असला की नेमकी तिथेच उडी मारते. शिवाय १/१० म्हणजे साधारण हातभर लांब आणि दीड किलोच्या आसपास वजन. हॉलमध्ये ती वळेपर्यंत सोफा येतो.

आता मुख्य प्रश्न. नव्या माणसाने मागच्या दोन चाकांची, गायरोवाली, तयार गाडी घ्यावी. हे माझं मत आहे आणि यावर इथे आता भांडण होणार आहे.

आडवी_चाल

भांडण सुरू करतो. :)

मी चारचाकीवरच शिकलो आणि त्याचा पश्चात्ताप नाही. चारही चाकं फिरत असली की पुढची चाकं गाडीला ओढून बाहेर काढतात. मागचं शेपूट जास्त गेलं तर थ्रॉटल (वेगाचा खटका) थोडा वाढवा, गाडी सावरते. गायरो नको, महागडा सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) नको, साधी ५४० ब्रश मोटर पुरते. पहिल्याच संध्याकाळी माणूस हसत घरी जातो. मागच्या चाकांवाली गाडी नीट बसवलेली नसेल तर पहिला आठवडा नुसता भोवरा फिरवण्यात जातो आणि मग ती माळ्यावर जाते. मी पाहिलेत असे दोन जण.

उदाहरण म्हणून टामियाची टीटी-०२डी घ्या. शाफ्टवर चालणारी, बंद टबासारखी चॅसिस, मोटर आणि कडक ड्रिफ्ट टायर किटमध्येच. जोडायला सोपी आणि साध्या टीटी-०२ चे भाग बसत असल्यामुळे सुटे भाग मिळण्याची अडचण नाही.

पाना_दहाचा

आडवी_चाल, तुमचं पहिल्या संध्याकाळचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझा आक्षेप दुसऱ्या महिन्यावर आहे.

पुढची आणि मागची चाकं सारख्याच वेगाने फिरतात तेव्हा गाडी आडवी जाते खरी, पण पुढची चाकं जवळपास सरळ किंवा आतल्या बाजूला असतात. खऱ्या ड्रिफ्टमध्ये जे बघून आपण वेडे होतो, म्हणजे गाडी डावीकडे वळतेय आणि पुढची चाकं उजवीकडे बघतायत, ते काउंटरस्टिअर तिथे दिसतच नाही. त्यावर उतारा म्हणून लोकांनी मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त वेग देणारे गिअर किंवा पुली बसवल्या, मागची चाकं पुढच्यांच्या दीडपट, दुप्पट फिरवली. छान दिसतं. पण मग सोपेपणाही गेला आणि गाडी ना इकडची ना तिकडची.

दुसरं म्हणजे टीटी-०२डीचं मूळ स्टिअरिंग फार वळत नाही. पुढची चाकं थोडीच वळतात, त्यामुळे कोन मोठा झाला की हातात काही उरत नाही. ती गाडी वाईट आहे असं नाही, तिचं मूळ घराणं ड्रिफ्टचं नाही इतकंच.

आणि तिसरी गोष्ट सवयीची. चारचाकीत बोटाला शिकवण मिळते की संकट आलं, दाब थ्रॉटल. मागच्या चाकांवर हीच सवय गाडीला गिरकी मारायला लावते. शिकलेलं विसरायला जास्त वेळ लागतो. मी स्वतः विसरलोय, म्हणून सांगतो.

आडवी_चाल

सवयीचा मुद्दा पटला. बाकी नाही. ;)

छोटूची_आई

मध्येच विचारते, रागावू नका. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला "ड्रिफ्ट कार" असं खोक्यावर लिहिलेली एक गाडी आणली होती. रिमोटचं चाक जरा फिरवलं की पुढची चाकं एकदम टोकाला जातात, सोडलं की सरळ. मधलं काही नाहीच. दोन दिवसांत कंटाळला. तो लहान आहे म्हणून जमत नाही की गाडीच तशी?

पाना_दहाचा

ताई, मुलाचा काही दोष नाही. ती खेळण्यातली गाडी आहे. खेळण्यातल्या गाडीचं स्टिअरिंग दिव्याच्या बटणासारखं असतं, एकतर चालू नाहीतर बंद. थ्रॉटलही तसाच. ड्रिफ्ट म्हणजे सगळा मधल्या पट्ट्यातला खेळ, त्यामुळे अशा गाडीवर तो जन्मात जमणार नाही, मोठ्या माणसालाही नाही.

घेण्याआधी एकच परीक्षा करायची. गाडी हातात उचलून रिमोटचं चाक अगदी हळू फिरवा. पुढची चाकं तितक्याच हळू वळली तर ती प्रपोर्शनल. तसंच थ्रॉटलचं. ही परीक्षा पास नसेल तर बॉडीवर कितीही ज्वाळा रंगवलेल्या असोत, परत ठेवा.

मुलासाठी आणि घरातल्या फरशीसाठी १/२८ बघा. डब्ल्यूएलटॉइजची के९६९ चार चाकांवर चालते, कडक टायर असतात, आपटली तरी बऱ्यापैकी सोसते. तळहातावर मावते. क्योशोची मिनी-झी त्याच्या पुष्कळ वरची, साधारण याच आकाराची, चार ट्रिपल-ए सेलवर चालते आणि तिच्या चारचाकी प्रकाराला गायरो जोडता येतो. नऊ वर्षांच्या मुलाला चार चाकंच द्या. इथे मी आडवी_चाल यांच्या पक्षात.

आडवी_चाल

हे कुठे तरी लिहून ठेवा कुणी.

छोटूची_आई

परीक्षा आवडली. रविवारी करून बघते. आभार.

सुटे_भाग

नवा_चालक, गायरो म्हणजे फसवणूक का, या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून मी लावतो.

गायरो म्हणजे काडेपेटीपेक्षा छोटी डबी. रिमोटचा हुकूम घेणारा रिसीव्हर आणि स्टिअरिंगचा सर्वो यांच्या मध्ये बसते. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे ती मोजते आणि पुढची चाकं त्याच्या विरुद्ध वळवते. बास, एवढंच काम. गाडी कुठे न्यायची, किती आडवी ठेवायची, थ्रॉटल किती, हे तुमच्याच बोटात.

आता फसवणुकीचं. खऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला शेपूट सुटलेलं आधी पाठीला आणि बुडाला कळतं. शिवाय त्या गाडीची पुढची चाकं कॅस्टरमुळे (चाक ज्यावर वळतं तो अक्ष मागे झुकलेला असतो त्यामुळे) स्वतःच प्रवासाच्या दिशेला वळायला बघतात. ड्रायव्हर बऱ्याचदा स्टिअरिंग सैल सोडतो आणि ते हातातून आपोआप फिरतं. तुम्ही उभे आहात दहा पावलं लांब. पाठीला काही कळत नाही, आणि आरसीचा सर्वो चाकांना घट्ट धरून ठेवतो, त्यांना आपोआप वळू देत नाही. वर ही गाडी एवढी छोटी की अर्ध्या सेकंदात पूर्ण उलटी होते. म्हणजे खऱ्या गाडीत जे फुकट मिळतं तेवढंच गायरो परत देतो. ज्यांना फसवणूक वाटते त्यांनी मागच्या चाकांची गाडी गायरो काढून चालवून दाखवावी. काही जुने हात चालवतात, मी टोपी काढतो. मला जमत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. गायरोचा गेन, म्हणजे तो चाकं किती जोराने वळवतो ते, रिमोटवरून कमीजास्त करता आला पाहिजे, म्हणजे रिमोटला किमान तीन चॅनेल हवेत. तिसरा चॅनेल गेनसाठी. जमिनीप्रमाणे तो बदलावा लागतो आणि दर वेळी बॉडी काढून छोट्या पेचकसने खुंटी फिरवत बसणं म्हणजे शिक्षा आहे. दुसरं, सर्वो चपळ हवा. गायरो सेकंदात कितीतरी वेळा हुकूम सोडतो. सर्वो मंद असेल तर तो पोचेपर्यंत गाडी फिरलेली असते. ६० अंश वळायला ०.१० सेकंद किंवा कमी लागणारा डिजिटल सर्वो असला की काम होतं. ताकद फार नको, प्लास्टिकच्या टायरांना वळवायला किती ताकद लागणार?

फुरसतराव

अर्ध्या सेकंदात उलटी. आमच्या घरच्या चर्चा अशाच असतात. (हलके घ्या.)

नवा_चालक

सगळ्यांचे आभार. चित्र बरंच साफ झालं. मागची दोन चाकं, १/१०, गायरो आतच असलेली. आता तयार की जोडायची?

पाना_दहाचा

तयार. जोडायला मजा येते, गाडी आतून कळते, सगळं खरं. पण ड्रिफ्टच्या किटमध्ये बहुधा फक्त चॅसिस असते. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी डबी), सर्वो, गायरो, रिमोट, बॅटरी, चार्जर, टायर, बॉडी सगळं वेगळं. नवखा माणूस यातली एक तरी चुकीची वस्तू घेतोच आणि मग दोष नेमका कुठे आहे ते त्याला कळत नाही. गाडी गिरकी घेतेय ती बोटामुळे, गायरोमुळे की टायरमुळे? तयार गाडीत निदान एवढी खात्री असते की हे सगळं एकत्र चालतं. मग प्रश्न एकच उरतो, तुमचं बोट.

नावं हवीत तर एमएसटीची आरएमएक्स मालिका आणि योकोमोची आरडी मालिका बघा. आरडी म्हणजेच "रूकी ड्रिफ्ट", नवशिक्यांसाठीच काढलेली, पण ती तयार मिळते की जोडायची असते ते घेण्याआधी बघा. पुढे जोडायचीच हौस झाली तर योकोमोची वायडी-२ किंवा थ्रीरेसिंगची सकुरा डी५. या सगळ्यांचा एक मोठा गुण म्हणजे पुष्कळ लोकांकडे आहेत. कुठला हात तुटला, कुठला नट हरवला, की सुटा भाग मिळतो आणि सेटिंग विचारायला माणूस मिळतो. अप्रतिम पण कुणाकडेच नसलेली गाडी पहिली म्हणून घेऊ नका.

मोटर ब्रशवाली आली तरी सुरुवातीला हरकत नाही. ब्रशलेस घ्यायची तर सेन्सरवाली. बिनसेन्सरची मोटर अगदी हळू वेगात अडखळते, आणि ड्रिफ्टमध्ये तर थ्रॉटल सोडून परत हलकेच दाबायचा हे सतत चाललेलं असतं. १३.५टी किंवा १०.५टी पुरे. टी म्हणजे तारेचे वेढे, जितके कमी तितकी मोटर भरधाव. पहिल्या दिवशी ३.५टी घेणाऱ्या माणसाचा मी शेजारी आहे, त्याच्या गाडीचं मागचं अंग मी कधी स्थिर पाहिलेलं नाही.

सुटे_भाग

बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण याबाबतीत लोक निष्काळजी असतात. तयार गाडीत ७.२ व्होल्टची निकेलवाली आली तर उत्तम, नव्या हातांना ती क्षमाशील. लिपो (लिथियम पॉलिमर) घेतली तर दोन सेलची, ७.४ व्होल्ट, कडक कवचाची. पूर्ण भरल्यावर सेलमागे ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीच नाही. ईएससीमध्ये लिपोची सेटिंग चालू आहे ना ते बघा, नाहीतर सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन मरते. चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे सगळ्या सेल सारख्या भरणारा, हवा. ४००० एमएएचच्या बॅटरीला ४ अँपिअर, त्याहून घाई नको. आठवडाभर चालवायची नसेल तर सेलमागे ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी "अजून चालतेय" म्हणून वापरायची नाही. आणि चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही. शेजारी बसायचं.

नवा_चालक

शेजारी म्हणजे खरंच शेजारी?

सुटे_भाग

त्याच खोलीत, झोपलेले नसताना. चटई आणून द्यायला हवी का?

रंगारी

आतापर्यंत बॉडीवर कुणीच बोललं नाही, म्हणून माझी हजेरी. पाना_दहाचा रागावतील, पण माणूस गाडी घेतो ती बॉडीसाठीच!

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, म्हणून बाहेरची चमक टिकते आणि ओरखडे रंगापर्यंत जात नाहीत. गडद रंग आधी, फिका नंतर मागून, नाहीतर गडद रंग फिक्यातून दिसतो. पहिली बॉडी मात्र साधी, एका रंगाची घ्या. ती फुटणारच. आतून जाळीची पट्टी आणि सुकल्यावर रबरासारखा लवचीक राहणारा गोंद लावलात तर बरीच वर्षं तग धरते. माझ्या सराव बॉडीत आता मूळ प्लास्टिक कमी आणि गोंद जास्त आहे.

अवांतर: टोयोटाच्या एई८६ ची बॉडी सगळ्यांना हवी असते. खरी गाडी १९८३ ते १९८७ या काळातली, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिलिमीटर. १/१० केलं तर २४० होतं, पण बहुतेक चॅसिस २५७ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यामुळे चॅसिसला बसणारी एई८६ थोडी ताणलेली असते, नाहीतर चॅसिस आखूड करावी लागते. निसान सिल्व्हिया एस१५ चं अंतर २५२५, म्हणजे १/१० मध्ये साधारण २५२, म्हणून ती डोळ्याला बरोबर वाटते. बॉडी मागवण्याआधी हे अंतर बघा, नाहीतर चाकं कमानीच्या मधोमध येत नाहीत आणि ते दिसलं की मला झोप लागत नाही.

पाना_दहाचा

रागावलो नाही. पण नवा_चालक यांनी आधी जमीन झाडावी.

नवा_चालक (तीन आठवड्यांनी)

मंडळी, गाडी आली. मागच्या चाकांची, तयार, गायरो आतच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वळेल. खालचं सगळं माझंच कर्तृत्व आहे.

पहिले चार दिवस उत्तम. अर्धा गोल, मग गिरकी, परत अर्धा गोल. पाचव्या दिवशी पूर्ण थ्रॉटलवर पार्किंगच्या खांबाला पुढचं चाक दिलं. सर्वोच्या आतले दात गेले. नवा, जास्त चपळ सर्वो आणला. माप थोडं वेगळं होतं, म्हणून तो उलटा करून बसवला. चाकं उलटी वळायला लागली, म्हणून रिमोटवर स्टिअरिंग रिव्हर्स केलं. आता डावं म्हणजे डावं, उजवं म्हणजे उजवं.

पण गाडी चालवताच येत नाही. थ्रॉटलला हात लावला की भोवरा. आधीपेक्षा कितीतरी वाईट. गेन वाढवला तर आणखी वाईट. सर्वो खराब आला का? परत करू?

आडवी_चाल

मी काही बोलत नाहीये. चार चाकं... नाही, काही नाही.

सुटे_भाग

सर्वो परत करू नका. "गेन वाढवला तर आणखी वाईट" या एका वाक्यात उत्तर आहे.

गायरो रिसीव्हरच्या पुढे आणि सर्वोच्या आधी बसतो. रिमोटवर रिव्हर्स केल्याने तुमचा हुकूम उलटला, गायरोचा नाही. सर्वो उलटा बसल्यामुळे गायरोचा हुकूम आता चुकीच्या बाजूला जातोय. गाडीचं शेपूट सुटलं की तो चाकं वाचवायच्या बाजूला वळवायचं सोडून आणखी आत वळवतो. म्हणजे तुम्हाला गिरकी मारायला मदत करतोय, आणि जितका गेन जास्त तितकी मनापासून!

गायरोच्या डबीवर दिशेसाठी वेगळा स्विच असतो किंवा सेटिंग असतं. ते उलटं करा. मग अशी खात्री करा: गाडी चालू करताना काही सेकंद अजिबात हलवू नका, गायरो तेव्हा स्वतःचं शून्य ठरवत असतो. नंतर गाडी दोन्ही हातांत उचला आणि शेपूट झटकन डावीकडे न्या. पुढची चाकं क्षणभर डावीकडेच वळली पाहिजेत. शेपूट ज्या बाजूला, चाकं त्या बाजूला. सर्वोला हात लावल्यावर ही परीक्षा दर वेळी करायची.

पाना_दहाचा

+१. आणि एक. नवा सर्वो बसवल्यावर दोन्ही बाजूंची टोकं परत ठरवा. चाक अडेपर्यंत वळलं आणि सर्वो तरी ढकलतोच आहे, गुरगुर आवाज येतोय, असं झालं तर हाही सर्वो जळेल. काही गायरोंमध्ये टोकं डबीतच ठरवावी लागतात, कारण गायरो रिमोटने घातलेली मर्यादा ओलांडून सर्वोला पुढे नेऊ शकतो.

थ्रॉटलचं वरचं टोक रिमोटवर निम्म्याच्या जरा वर आणून ठेवा. खांबाला पुढच्या वेळी निम्म्या वेगाने भेटाल.

नवा_चालक

!!!

स्विच उलटा केला. एक क्लिक. चार दिवस मी दुकानदाराला काय लिहायचं याचा मसुदा करत होतो.

आज दुपारी पाण्याच्या बाटलीभोवती सलग पूर्ण गोल मारला. मोजले, सात. गाडी आडवी, पुढची चाकं बाहेर बघतायत, आणि प्लास्टिकचा तो सुईंsss आवाज. वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला.

छोटूची_आई

अभिनंदन! आमच्याकडे १/२८ आली. दुकानात हातात धरून परीक्षा केली, दुकानदार बघतच राहिला. मुलगा जेवणाच्या टेबलाखालून पायांच्या मधून आडवी काढतो. मला अजून सरळही जमत नाही.

आडवी_चाल

चार चाकं, ताई. चार चाकं.

सुटे_भाग

नवा_चालक, आता एकाच बाजूचे गोल मारत राहू नका. हीच चूक मी केली, महिनाभर फक्त डावीकडे. आज डावीकडे दहा, उजवीकडे दहा. मग दोन बाटल्या, मध्ये चारेक पावलं, आणि इंग्रजी आठचा आकडा. मधल्या बदलात थ्रॉटल क्षणभर सोडायचा, शेपूट स्वतःच दुसऱ्या बाजूला झोका घेतं, मग परत हलकेच दाबायचा. स्टिअरिंगने गाडी फेकायला जाऊ नका. गायरोवाल्या गाडीत स्टिअरिंग म्हणजे "तिकडे जायचंय" असं बोट दाखवणं. कोन किती ठेवायचा ते थ्रॉटल ठरवतो.

गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तिथे सगळेच गडबडतात. सुरुवातीला शक्य तितकं गाडीच्या मागच्या बाजूला उभं राहा, किंवा तिच्यासोबत अंग वळवा. हसतील लोक, हसू द्या.

नवा_चालक (आणखी दहा दिवसांनी)

आठचा आकडा अर्धा जमला. उजवीकडचा गोल मस्त, डावीकडे गेलो की गाडी रुंद जाते आणि मग एकदम गिरकी. गायरोची परीक्षा केली, पास आहे. सरळ सोडली तर पुढची चाकं किंचित थरथरतात, तेवढं एक दिसतं.

पाना_दहाचा

थरथर म्हणजे गेन जरा जास्त. ती थांबेपर्यंत कमी करा, मग तिथेच ठेवा.

डावीकडचं बहुधा सर्वोच्या मध्याचं दुखणं. नवा सर्वो बसवताना हॉर्न (सर्वोवरचा छोटा हात) एखाद्या दाताने तिरका बसला असणार आणि तुम्ही रिमोटच्या ट्रिमने (चाकांचा मध्य जरा सरकवणाऱ्या बटणाने) चाकं सरळ केली असणार. दिसायला सरळ, पण एका बाजूला वळायला जागा कमी उरते. ट्रिम शून्यावर आणा, गाडी चालू ठेवून हॉर्न काढा, शक्य तितका काटकोनात परत बसवा, उरलेला फरक स्टिअरिंगच्या दांड्या कमीजास्त करून काढा. मग दोन्ही बाजूंना चाकं सारखी वळतात का ते पट्टी लावून बघा.

आडवी_चाल

आणि तरी डावीकडे जमलं नाही तर अंगठा बघा. मला डावीकडे अजून जमत नाही, सर्वो चौथा आहे.

नवा_चालक

ट्रिम बघितली. पार टोकाला होती, हो. हॉर्न काढून ठेवलाय, पण बॅटरी संपली. आता चार्जिंगला लावली आहे.

शेजारीच बसलोय.